अर्ज क्रमांक एकोणचाळीस

मुदत पाचची.
मर्डो गॅलब्रेथ आला पाच वाजून बारा मिनिटांनी,
गमबुटांना शेण, पाकिटाला मेंढ्यांच्या औषधाचा वास.

संस्था: बॅगपाइप मंडळ, सभासद चौदा
(खोडून अकरा).
मागणी: अठराशे डॉलर.
कारण: मोठ्या ढोलाची कातडी फाटली, दोन्ही.

‘सामाजिक परिणाम कसा मोजाल?’
या रकान्यात बाकी सगळे
टक्केवारी लिहितात.
त्यानं लिहिलं होतं:
हिनेरांगी तामाइरा गेली तेव्हा
आम्ही ढोलाशिवाय चाललो तिच्या मागे.
सगळ्यांची पावलं चुकली.
ती असती तर हसली असती.

मी नियमाची बाई. अकरा वर्षं या खिडकीमागे.
शाळेच्या पोहण्याच्या तलावाला
तीन मिनिटांसाठी परत पाठवलंय मी.

शिक्क्याचे आकडे अंगठ्यानं फिरवले.
चार अठ्ठावन्न.
मर्डोनं पाहिलं, आणि
बाहेरच्या गारठ्याबद्दल बोलू लागला.

समितीनं दिले सहाशे चाळीस.
अट एकच: ढोलावर नगर परिषदेचं बोधचिन्ह,
लांबून दिसेल असं.

जूनमधली मिरवणूक. साउथलँडचा बोचरा वारा.
ढोलाला एका बाजूनं नवं कातडं, त्यावर आमचं चिन्ह,
दुसऱ्या बाजूला ठिगळ.
धम्म, मग फट्.
धम्म, मग फट्.
लोक त्याच तालावर, जरासे लंगडत.

मीही.

सप्टेंबरात अहवाल द्यायचाय.
मर्डो खिडकीशी उभा:
“परिणामात काय लिहू?”
पाच वाजायला अजून
बराच वेळ आहे.