खूण सांगा

'जवळची खूण सांगा,' पुण्याहून मुलगी विचारते,
आणि पलीकडचा धापा टाकत म्हणतो,
'सादड्याचं झाड.'
सुरगाण्याच्या डोंगरात सादडे मोजत बसलो
तर माझी रिटायरमेंट होईल.

'पेशंट शुद्धीत आहे का?'
'मी निघालो तेव्हा होती.'

कारण रेंज फक्त खडकावर,
आणि खडक पाड्यापासून दीड कोस.
फोन करणारा नेहमीच लांब उभा,
ज्याच्यासाठी फोन, त्याच्यापासून.
तो उतरला की उलटा फोन लागत नाही.
मग मी आणि डॉक्टर गांगुर्डे मॅडम,
आणि मोबाइलच्या नकाशात, कोऱ्या हिरव्यात
थरथरणारा एक निळा ठिपका. तो म्हणजे आम्हीच.

मी निफाडचा. आमच्याकडे बांधालाही डांबर.
वाटायचं, अँब्युलन्स म्हणजे पळवायची.
इथं ती पळत नाही,
विचारत विचारत जाते.

त्या रात्री आम्ही उंबरपाड्याला पोचलो.
उंबरपाडे दोन आहेत.
लॉगबुकात लिहिलं: पोचण्याची वेळ दोन चाळीस.
कुठे पोचलो, तो रकाना नव्हता.

हौसाच्या तेराव्यानंतर आशाताई आली, तुळसा भोये,
हातात बादली, बादलीत भिजवलेला चुना.
रागावली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, 'भाऊ, सुट्टी कधी?'

दोन रविवार चाललो.
मोरीजवळ एक नंबरचा दगड.
तीन, जिथं तिच्या सासऱ्याचा बैल घसरला होता.
सहाच्या पुढं गाडी वळत नाही,
म्हणून सहावर बाण, उलटा.
चौदा कुणाच्याच घराजवळ नाही,
पण तिथं मध काढायला पोरं जातात, पडतात.
नऊ तिनं एकटीनं रंगवला.
मी खाली बसून तंबाखू मळत राहिलो,
खाल्ली नाही.

आता एक पोरगा खडकाकडे पळतो
तेव्हाच झोळी निघते,
दोन बांबू, एक घोंगडी, चार खांदे.
ते वरून उतरतात, आम्ही खालून चढतो.
दगडापाशी पहिला जो पोचेल
त्यानं बॅटरी दाखवायची.
अकरा नंबरवर एक मुलगी जन्मली,
मागचं दार उघडं, पाय अजून झोळीत.
मॅडमनी नाळ कापली, मी पाठमोरा
उजेड धरून उभा, हात हलू न देता.

पावसाळ्यात चुना धुऊन जातो.
दरवर्षी दसऱ्याच्या आसपास तुळसाचा फोन येतो,
खडकावरूनच,
आणि मी नाशिकहून येताना पोतं टाकतो
ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे.
साहेब विचारतात, हे कशाच्या हेडमध्ये?

काल रात्री पुण्याची मुलगी नवी होती.
'जवळची खूण सांगा.'
'नऊ.'
'नऊ काय?'
मी मध्येच बोललो, 'मॅडम, ठेवा. कळलं.'
चावी फिरवली.