तिथं अजून काल आहे

पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर, पहाटे तीनला
मी बर्फ पाडते.
म्हणजे पाडत नाही,
किती पडेल ते कळवते.

खाली हायवेवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत,
तिथं दुपारचे साडेतीन, तारीख अजून कालची.
मैदान इतकं सपाट
की वाऱ्याला ठेचसुद्धा लागत नाही.
उत्तरेची थंडी जमीन घासत खाली येते,
दक्षिणेकडून आखाताची ओल
तिच्या पाठीवर चढते.
एक मॉडेल म्हणतं सहा इंच, दुसरं चौदा,
तिसरं मधूनच पाऊस काढतं.
सगळं अडलंय अर्ध्या अंशावर,
दीड किलोमीटर उंचीवरच्या.
आमच्या घरच्या तापमापीला
अर्धा अंश दिसतही नाही.

मी पाहिलेला बर्फ बेतीचा.
सगुणकाकाच्या कारखान्यात
मिठाच्या पाण्यातून आकड्यानं ओढलेली लादी,
मशीनमधून भुगा होऊन
मालीमच्या ट्रॉलरात पडणारी,
बांगड्यांच्या उघड्या डोळ्यांवर.
लहानपणी मूठभर चोरून खाल्ला होता.
अमोनियाचा वास, दातात कळ.
एवढाच अनुभव.
मुलाखतीत कुणी विचारला नाही.

काकाचंही काम हेच.
वारा बघायचा, अमावास्या मोजायची,
कुठल्या तांडेलाच्या घरी बारसं आहे ते आठवायचं,
आणि उद्याच्या लाद्या ठरवायच्या.
कमी पडला तर शिव्या, उरला तर पाणी.
"उरलो जाल्यार उरूं," म्हणतो,
"उणो पडचो न्हय."

गेल्या जानेवारीत मी पाच लिहिले होते.
तेरा पडला.
दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात एक रकाना: फरक, आठ.
मार्लीन, तिथली रस्ते मोकळे करणाऱ्या गाड्या सोडणारी,
एक शब्द वाकडा बोलली नाही.
म्हणाली, शाळेची बस रात्री अकराला सापडली.
सगळी आत होती. इंजिन चालू होतं.
मोठ्या मुलांनी धाकट्यांना मधे बसवलं होतं.
मी कानाला हेडफोन लावून ऐकत होते
आणि एसीच्या गारव्यात
पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

आजही तीच विचारते. किती?
मी चौदाकडे बघते. सहाकडे बघते.
पावसाचं मॉडेल बंद करते, मग परत उघडते.
बारा, म्हणते. अकरानंतर. आधी बारीक, मग जोरात.
खात्रीच्या रकान्यात: मध्यम.
शाळा?
शाळा बंद ठेवा, हे माझ्या कामात बसत नाही.
मी म्हणते, उरला तरी चालेल.
ती थोडा वेळ गप्प.
मग विचारते, तुमच्याकडे कसं आहे?
बावीस अंश, मी म्हणते. थोडं धुकं.
ती हसते. हसता हसता खोकते.

सहाला उतरणीवरून स्कूटर सोडते.
सीटवरचं दव ओढणीनं पुसलंय तरी
मागून ओलं लागतंच.
जेटीवर काका पिशवीत सहा बांगडे टाकतो,
वर दोन ओंजळी भुगा.
हूकला लटकलेली पिशवी घरापर्यंत
माझ्या पायाच्या बोटांवर ठिबकते.

साडेदहाचा गजर लावते.
तेव्हा तिथं अकरा, रात्रीचे,
आणि तारीख,
बोटं मोडून बघते,
अजून कालचीच.
पडदा ओढते.
बांगडे साफ करायचे राहिलेत.