माहिती अपुरी

लोरेन, ओहायो. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार.
ईरी तळ्यावरचा वारा खिडकीच्या फटीतून आत येतो
आणि माझ्याआधी फायलींची पानं चाळून जातो.
चारशे बारा मुलं माझ्या वाट्याला,
दरडोई अकरा मिनिटं,
तीही कुणी रडलं नाही तर.

नोएमी इरिझारी समोर बसली आहे.
बोटांच्या पेरांत काळं ग्रीस.
"मिस्टर क्रॅझनिक, माझा चान्स किती?"
किराणाच्या पावतीच्या पाठीवर
तिनं तीन नावं लिहून आणली आहेत,
तिन्ही अशी, की शंभरातल्या पंचाण्णवांना
अतिशय सभ्य भाषेत दार लावून घेतात.

माझ्याकडे यासाठी एक आलेख असतो.
हिरवा ठिपका म्हणजे घेतलं, लाल फुली म्हणजे नाही.
राज्याच्या विद्यापीठाचा कसा भरगच्च,
गुळाला मुंगळे लागावेत तसा.
तिचं पहिलं नाव टाकलं
आणि पडदा कोरा.
खाली बारीक अक्षरांत: माहिती अपुरी.

या शाळेतून तिथं कुणी अर्जच केला नाही, कधी.
खरं सांगायचं तर एकानं विचारलं होतं.
डेल बोडनार. आठ वर्षं झाली.
मी त्याला अंथरूण दाखवलं, त्यानं पाय आखडले.
आता महिन्यातून एकदा तो माझ्या घरामागे येतो,
गॅसचा मीटर वाचायला.
आकडा नीट टिपतो. मला हात करतो.

मी नेहमीची वाक्यं जुळवू लागलो:
गुण चांगलेच आहेत, पण तिथं सगळ्यांचेच असतात,
फिजिक्सचे सर मार्चमध्ये सोडून गेले
हा तुझा दोष नाही, पण कागदावर ती जागा रिकामीच दिसते,
रोबोटचा संघ? नाही. संशोधन? नाही.
मग उन्हाळ्यात काय केलंस?

"काकाच्या गॅरेजात बर्फ फेकायची यंत्रं दुरुस्त केली. एकतीस."
"उन्हाळ्यात?"
"तेव्हाच लोकांना घाई नसते."

तेवढ्यात रेडिएटर ठणकला.
एकोणीस वर्षं ठणकतोय, मला आता ऐकूही येत नाही,
पण ती वाक्य अर्धं टाकून उठली,
गुडघ्यांवर बसून फरशीला गाल टेकवला.
"ढाळ उलटा आहे. पाणी परत जात नाहीये."
कोपऱ्यातलं बर्फाचं फावडं तिनं खाली घातलं,
मला म्हणाली, दाबून धरा.
मी दाबून धरलं, टायसकट.
तिनं खिशातून पाव डॉलरची चार नाणी काढली
आणि पलीकडच्या पायाखाली दोन-दोन सरकवली.

ठण.
मग अर्धा ठण.
मग नुसता वारा.

हात जीन्सला पुसत ती खुर्चीत बसली.
"आलेखात काहीच नाही, म्हणजे शून्य टक्के असं नाही ना?
म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."
"नाही," मी म्हणालो.
या खोलीत हा शब्द मी कधी एवढ्या चटकन उच्चारला नव्हता.

म्हटलं, निबंधात हे लिही.
"काय, नाण्यांबद्दल?"
तिला वाटलं मी थट्टा करतोय.
तिनं लिहिलेला निबंध नेतृत्वावर होता,
त्यात 'आव्हान' हा शब्द सात वेळा.

अकरा मिनिटांची सव्वीस झाली होती,
दाराबाहेर टायशॉन पिट्स बोटं वाजवत होता.

रात्री शिफारसीचा फॉर्म उघडला.
त्यात चौकटी असतात: बरा, चांगला, उत्तम,
आणि सगळ्यात शेवटी
'माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी'.
ती चौकट मी आजवर कुणासाठी भरली नव्हती,
पाहुण्यांसाठीचे चांगले कप कपाटात ठेवावेत तशी
राखून ठेवली होती.
कोणत्या पाहुण्यांसाठी, आठवेना.

मार्चअखेर तिथं एक ठिपका पडेल किंवा एक फुली.
बहुधा फुली. मी हिशेब करणारा माणूस आहे.

खोली मात्र आता इतकी शांत असते
की मुलं बोलताना मध्येच थांबतात,
आणि ते थांबणं मला ऐकू येतं.

तिचा एक डॉलर मी अजून परत केलेला नाही.