टिंबानं सुरू होणारी फाइल

रात्री सव्वादहाला विंकोंचा फोन.
दोन वर्षं आणि एक उन्हाळा
आम्ही बोललो नव्हतो.
जावई म्हणे दहावा ग्रह;
मी तर कक्षाही सोडलेला.

“कॉम्प्युटर आत घेत नाही,” म्हणाले.
कसा आहेस नाही, काही नाही.
“पासवर्ड चुकतोय का?”
“बरोबर आहे. तूच तर ठेवलेला.
टाकला की पडदा काळा होतो,
वाटतं, उघडलं आता,
आणि पुन्हा तीच चौकट. पासवर्ड सांग म्हणते.
चाळीसदा झालं असेल.”

चुकलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं.
हे वेगळं होतं:
दार उघडायचं, या म्हणायचं
आणि उंबऱ्यावरूनच माघारी धाडायचं.
हा प्रकार मला ठाऊक होता.

मी मारिबोरला, आठव्या मजल्यावर, हातात घासणी.
ते त्या तळ्याकाठी, जे उन्हाळ्यात जमिनीत उतरतं
नि शरदात कुणी न बोलावता परत येतं.
“कंट्रोल, आल्ट, एफ-तीन. तिन्ही एकदम.”
“काळं झालं. पांढरी अक्षरं आहेत.”
“नाव लिहा. आता पासवर्ड.”
“उमटत नाही काही.”
“उमटत नसतंच. लिहीत राहा.”
“दिसत नाही ते लिहायचं?”
“हो.”
मग कळांचा आवाज, एकेक,
अंधारात जिना उतरावा तसा.

आधी जागा बघितली. डिस्क भरली तरी असं होतं.
एकसष्ट टक्के.
चौदा वर्षांच्या पाण्याच्या पातळ्या,
रोज सकाळी सहाची एक नोंद,
आमच्या लग्नाचे फोटो
(अजून आहेत का, विचारलं नाही),
सगळं मिळून एकसष्ट.

मग लपलेल्या फायलींची यादी मागवली.
नाव टिंबानं सुरू झालं की फाइल दिसत नाही;
घरातच असते, पाहुण्यांपुढे येत नाही.
“मालकाचा रकाना वाचा.”
“विंको. विंको. विंको. विंको. रूट.”
“थांबा. ती कुठली?”
“टिंब, एक्स, ऑथॉरिटी.”

त्या एवढ्याशा किल्लीच्या सातबाऱ्यावर
दुसऱ्याचंच नाव लागलेलं.
प्रिंटर बसवताना दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं,
प्रत्येक हुकमाआधी सुडो लिहा.
यांनी लिहिलं. सगळीकडे.
तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
सांगितलेला पत्ता बदलत नाही.

हुकूम अक्षरागणिक सांगितला.
“अशी फाइलच नाही म्हणतं.”
“वाचा काय लिहिलंत.”
“... आय, टी, झेड.”
“झेड नको, वाय हवा.”
“वायच दाबला रे.”
तेव्हा आठवलं, त्या काळ्या पडद्याला
आपला कीबोर्ड ओळखीचा नाही,
वाय नि झेड तिथे जागा बदलून बसतात.
“मग झेड दाबा.”
“वाय हवा म्हणून झेड दाबू?”
“हो.”
“उर्शका असंच बोलते,” म्हणाले.
आणि आम्ही दोघंही गप्प.

एंटर.
“काही बोलत नाही हे.”
“बोललं नाही म्हणजे झालं.”
“हे कुठलं शास्त्र?”
“ह्यांचं असंच असतं. चुकलं तरच बोलतात.”

परत पहिल्या पडद्यावर. पासवर्ड.
मी श्वास धरलेला, उगाचच.
“आलं,” म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
“तक्ता जागेवर आहे.”

“पाणी किती आहे?” मी विचारलं.
“परवापासून चार बोटं उतरलं.
मोठ्या विवरापाशी उभं राहिलं की
खालून गुरगुर ऐकू येते.
थांब, आजची नोंद राहिलीय.”
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, बंद न करता,
आणि कळा, दोन बोटांनी, आता भराभर.

माझ्या हातातल्या घासणीवरचा फेस वाळला होता.