हिशेबपट्टी

नाना पस्तीस वर्षं मापाडी, दिंडोरी रोडच्या मार्केटात.
अजून भाजी घेताना आधी तराजूच्या काट्याकडं बघतात,
मेथीकडं नंतर.
त्यांना एकदा माझा धंदा समजावून सांगायला बसले,
अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत.

म्हटलं, येवल्याच्या विणकरांसाठी अ‍ॅप केलंय. मुनिया नाव.
नक्षीचा कागद मांडीवर धरायला नको,
फोनच मोजून सांगतो:
तीन उचल, दोन सोड, चोच आली, आता लाल घे.
महिना शंभर रुपये.

"हाती किती?"
सत्तर.
"तीस कुणाचे?"
दुकानाचे.
"दुकान कुठंय?"
मी फोन पुढं केला.
चष्मा कपाळावर सरकवून
ते बराच वेळ काचेत बघत राहिले.

मग पाठकोऱ्या कागदावर पट्टी मांडली, जुन्या सवयीनं.
हमाली. "माल कोण उतरवतं?" कुणी नाही.
वाराई. "गाडी कुणाची?" गिऱ्हाइकाचा फोन, गिऱ्हाइकाचा रिचार्ज.
तोलाई. "माप?" तेच करतात.
तशी राखण चोख आहे नाना, चोराला आत घेत नाहीत,
पैसे महिन्याच्या महिन्याला येतात.
"राखणदाराला पगार द्यावा," म्हणाले,
"पिकात वाटा कसला?"

आणि थोडं थांबून:
"आडत आमच्याकडंही होती, खोटं का बोलू.
पण माणूस चिडला की ट्रॅक्टर वळवायचा, चालला पिंपळगावला.
जायचा नाही हं. नुसता वळवायचा.
तेवढ्यानं बोली चढायची.
तुझा ट्रॅक्टर कुठं वळतो?"

मी वळवून पाहिला होता.
अ‍ॅपमध्ये खाली, बारीक अक्षरात, एकच ओळ:
आमच्या साइटवर ऐंशी रुपयांत.
सहा तासांत अ‍ॅप परत. कारण म्हणून एका कलमाचा आकडा.
ओळ काढली. पुन्हा रांगेत उभी राहिले.
मार्गशीर्षात दुकानानं स्वतःचंच मोजणीचं अ‍ॅप काढलं,
फुकट, यादीत सगळ्यांत वर.

नानांचं पेन थांबलं.
"मापाड्यानं माल विकायचा नसतो.
लायसन जातं.
यांना लायसन कोण देतं?"
मी चहा टाकायला उठले.

शनिवारी येवल्याला गेले, पुष्पाताई भांडग्यांकडं.
केबल जोडली, अ‍ॅप हातानं घातलं.
फोन लालभडक:
हे आपल्या उपकरणास हानी पोहोचवू शकते.
ताईंनी धोटा बाजूला ठेवला,
मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं,
"तू गं? हानी?"
आणि 'तरीही' वर अंगठा टेकवला.
शंभराची नोट दिली. सुट्टे दोघींकडंही नव्हते.

रात्री नोट नानांपुढं ठेवली.
घडीत जरीचा बारीक तुकडा अडकलेला,
तो त्यांनी नखानं काढून बशीत ठेवला
आणि पट्टी पुरी केली:
जमा शंभर.
एसटी, बायकांचं हाफ तिकीट, जाऊन येऊन एकशेचाळीस.
भांडगेबाईंचे देणे वीस.
निव्वळ, उणे साठ.

खाली सही केली,
सहीखाली लायसनचा नंबर,
जो आता चालत नाही.