रकाना चौदा

‘आपणांस कधी अटक, दंड अथवा शिक्षा झाली आहे काय?’
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.

झेरॉक्सवाल्या पावसकरने पेन पुढे केलं.
“होय खोड. पुढचं मी भरतो.
साकीनाक्याच्या निम्म्या पोरी होय खोडूनच आत गेल्या,
विमानं काय पडली?”
पावसकर वाईट माणूस नाही.
माझे दोन फोटो जास्तीचे काढून दिले त्याने, फुकट.

खाली लिहिलेलं, ‘असल्यास तपशील’.
आणि दीड ओळ.

दीड ओळीत मी एकोणीस वर्षांची होते, हे मावतं.
मरोळचं दुकान, पगार सात हजार,
दिवसभर उभं राहायचं, स्टूल फक्त गिऱ्हाइकाला,
एवढ्यात ओळ संपते
आणि अत्तराची बाटली अजून फळीवरच असते.

विकायचीसुद्धा नव्हती ती.
लोकांनी मनगटावर मारून बघायची,
तळाशी बोटभर उरलेली.
वासंतीच्या हळदीला लावणार होते, सोमवारी परत ठेवणार होते.
हे मॅनेजरला सांगितलं, हवालदाराला सांगितलं,
मग सांगायचं सोडलं,
कारण प्रत्येक वेळी ते जरा जास्त खोटं वाटायचं.
मलाही.

अंधेरी कोर्ट. गुन्हा कबूल? कबूल.
पाचशे रुपये दंड आणि
कोर्ट उठेपर्यंत कैद.

मला कळेना, कोर्ट उठून जाणार कुठे.
मागच्या बाकावर बसवलं.
शेजारी एक चणेवाला, विनापरवाना,
त्याचीही तीच शिक्षा. तो लगेच झोपला,
सराव असल्यासारखा.
मी मात्र सगळं ऐकलं :
न वटलेले चेक, सामायिक नळाचं भांडण,
एका बाईने नवऱ्याच्या स्कूटरवर ओतलेलं डांबर.
सव्वापाचला साहेब उठले. सगळे उठले.
चणेवालाही उठला, पाटी घेऊन गेला.
मी उठले नाही.
संपली, असं कुणी म्हणालंच नव्हतं.
दिवे गेल्यावर झाडूवाली मावशी आली,
म्हणाली, “पाय उचल गं.”

‘शिक्षेचा कालावधी : वर्षे …… महिने ……’
दिवसांना जागाच नाही. तासांना कुठून असणार?

मी ‘नाही’ खोडला.
पावसकरने पेन परत घेतलं, टोपण लावलं,
म्हणाला, “वीस रुपये झाले.”

पोलीस स्टेशनात ढवळे हवालदार
दोन बोटांनी टाइप करतात, ‘ळ’ शोधत बसतात.
“बाटली केवढ्याची?”
“माहीत नाही. विकायची नव्हती.”
“आता नोकरी कसली?”
“विमान आतून साफ करायचं.
लोक उतरले की सीटच्या खिशांत हात घालायचा,
राहिलेलं काढायचं.”
ते थांबले. चष्म्यावरून बघितलं.
“म्हणजे बाटल्या सापडणार.”
“सापडणार,” मी म्हटलं.
मग बराच वेळ काहीतरी टाइप केलं त्यांनी.
स्क्रीनचं तोंड त्यांच्याकडे होतं.

सहा आठवडे झाले.
सुपरवायझर म्हणतो, वरून यायचंय.
वरून तर रोज येतं,
जरीमरीत आमच्या पत्र्यावरून, चाकं काढून,
इतकं खाली की मांडणीतली ताटं
एकमेकांना सांगायला लागतात.
त्यातलं कुठलंतरी पुसायला
आत्ता दुसरी कुणी चढत असेल.
तिने काय खोडलं, मी विचारणार नाही.

परवा आई म्हणाली,
हल्ली रात्री विमान गेलं
की तू झोपेत पाय उचलतेस.