काच बदलल्यावर

उद्यमबागेत भरमाण्णानं काच बसवून दिली
आणि दुसऱ्या दिवशी, रणरणत्या उन्हात,
पिरनवाडीच्या नाक्यावर
वायपर आपोआप फिरायला लागला.
खर्र, खर्र, कोरड्या काचेवर.
लोक बघत होते. मीही मग हात हलवला,
जणू कुणी ओळखीचं दिसलंय.

"हुतंय गा असं," म्हणाला,
आरशामागचं झाकण नखानं उचकटत.
आत नाण्याएवढा डोळा.
ह्यो पाऊस बघत नाही, म्हणाला,
सोताचाच उजेड मोजतोय.
तिरका सोडतो काचेत, आपल्याला न दिसणारा.
काच सुकी असली की सगळा
आतल्या आत आपटत परत येतो.
थेंब बसला, की तेवढ्या जागेतून
थोडा बाहेर निसटतो.
जेवढा परतला नाही, तेवढा पाऊस.

मग आज कुठं गेला उजेड?

त्यानं बोट ठेवलं:
काच आणि डोळा चिकटवणाऱ्या जेलीत
तांदळाच्या कणीएवढा बुडबुडा.
"माझंच चुकलं. घाईत दाबलो नाही नीट."

नवी जेली बसली.
पोऱ्या शिवलिंगनं बाटलीतलं पाणी काचेवर उडवलं,
ओरडला, "मळे बंतु!"
मळे. आमच्यात शेतं, त्यांच्यात पाऊस.
वायपरनं दोन्ही न ऐकता
एकदा हात फिरवला, थांबला.

पैसे घेतले नाहीत. चहा मी पाजला.

जांबोटीच्या अलीकडं
एक फुलपाखरू आपटलं, बरोब्बर डोळ्यासमोर.
त्यालाही पाऊस समजून
वायपर उठला.
पिवळी रेघ घरापर्यंत तशीच.